फौजेचा हिशेब आणि सोलापूरचं कोरडवाहू गाव

गावातला पोरगा फौजेत लागला की वेशीवर फ्लेक्स लागतो, हलगी वाजते, पेढे वाटले जातात. तो आनंद खरा आहे आणि त्या घराचा मानही मोठा आहे. माझं भांडण आहे ते त्याच सत्काराच्या व्यासपीठावर नंतर होणाऱ्या भाषणाशी. 'आपल्या तालुक्यानं एवढे जवान दिले' हे वाक्य तिथं विकासकामांच्या यादीत येतं, सभामंडप आणि सिमेंटचा रस्ता यांच्या मधोमध. जवान देणं ही तालुक्याची प्रगती कशी काय ठरते? सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट, करमाळा या पट्ट्यातली पोरं भरतीच्या मैदानावर कशामुळे येतात, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. देशप्रेम असतंच. पण पाच एकर कोरडवाहू, दोन भाऊ, एक बहीण लग्नाची आणि बोअरला पाणी नाही, हेही असतं. मग दुसऱ्या कारणाबद्दल कुणी बोलत का नाही?

मला वाटतं, खेड्याकडे बघण्याची ही नजर आपल्याला इंग्रजी अमदानीतून मिळाली. त्या सरकारला खेड्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या, शेतसारा आणि शिपाई. या दोन्ही गोष्टी जिथून जेवढ्या मिळतील, त्या मानानं त्या मुलखाची किंमत ठरे. सोलापूरकडून सारा भरपूर घेतला गेला. शिपाई घ्यायचे की नाही, हे सरकारनं आपल्या सोयीनं ठरवलं. आणि या व्यवहारात शेतीला पाणी, हाताला काम, पोराला शाळा हे खातंच नव्हतं.

मे १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोनं सोलापूरचा किल्ला घेतला आणि पेशवाईचा शेवट झाला. त्याआधीच्या काळाचे गोडवे गाणं मला जमणार नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघालेला कुणबी पावसाळ्याच्या तोंडाला घरी यायचा, चार पैसे आणायचा. पण ते चार पैसे बहुतेकदा दुसऱ्याच्या मुलखातल्या शेतकऱ्याचे असायचे. तरी एक गोष्ट खरी की शिलेदारी (स्वतःच्या घोड्यावरची चाकरी), बारगिरी (सरकारी घोड्यावरची), गडावरची शिबंदी, घोड्यांची पागा, लोहार, चांभार, तंबू शिवणारे असा मोठा रोजगार त्या लष्करी व्यवस्थेत होता आणि तो गावाशी बांधलेला होता. १८१८ नंतर फौजा मोडल्या आणि हे सगळे लोक परत जमिनीवर येऊन पडले. जमीन तेवढीच, पाऊस तेवढाच, खाणारी तोंडं मात्र जास्त.

त्यातच रयतवारी आली, म्हणजे सारा प्रत्येक शेतकऱ्याकडून थेट सरकारनं घ्यायचा. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची पहिली आकारणी इतकी जड झाली की शेजारच्या इंदापुरात लोकांनी शेतं सोडली. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी ती नव्यानं बसवली आणि तीच पद्धत पुढं सोलापूरकडे आली. सारा रोख भरायचा, ठरल्या हप्त्याला भरायचा आणि आकारणी तीस वर्षांसाठी. पाऊस पडो न पडो, हप्ता येतोच. अवर्षणाच्या मुलखाला यापेक्षा गैरसोयीची रीत सुचवणं अवघड आहे. इथली रब्बी ज्वारी परतीच्या एका पावसावर उभी असते. तो एक पाऊस चुकला की वर्ष गेलं. पूर्वीच्या राज्यातही वसुली कडक होती, पण पीक बुडालं तर सूट-तहकुबीची घासाघीस व्हायची. आता घासाघीस करायला सावकारच उरला.

१८६० मध्ये रेल्वे सोलापुरात आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव आभाळाला भिडले, शेतकऱ्यांनी कर्ज काढलं, युद्ध संपलं, भाव कोसळले आणि नेमक्या त्याच वेळी फेरआकारणीत सारा वाढला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या. चार वर्षांनी दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला आणि तो ज्या चार जिल्ह्यांना लागू केला, त्यात पुणे, सातारा, नगर यांच्याबरोबर सोलापूर होतं. त्या कायद्यानं सावकाराला चाप लावला, पण साऱ्याला हात लावला नाही. शेतकरी हप्त्यासाठीच सावकाराकडे जात होता, ही गोष्ट सरकारनं सोयीनं बाजूला ठेवली.

आता १८७६ कडे येऊ, कारण या सगळ्या विषयाची गाठ तिथं आहे. त्या वर्षी दख्खनमध्ये पाऊस गेला. सोलापूर जिल्ह्यात दुष्काळी कामं निघाली. आष्टीचा तलाव त्याच दिवसांतला. बायाबापे, पोरंबाळं खडी फोडायला, माती वाहायला आली. त्याच वेळी हिंदुस्थान सरकारनं दुष्काळाच्या पाहणीवर पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचा नवा दर सुचवला: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. दिवसभर उन्हात दगड फोडणाऱ्या माणसाला एवढ्या धान्यात किती भाकरी होतील, याचा हिशेब ज्वारी खाणाऱ्या घराला सांगावा लागत नाही. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई सरकारनं मजुरी कापली तेव्हा हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली, तिनं गावोगावची माहिती गोळा करून सरकारला धाडली. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात हा प्रसंग ठळक अक्षरांत असायला हवा, आणि तो कुठल्याही चौकात लिहिलेला नाही.

पुढचं आणखी गंभीर आहे. एवढी माणसं मेल्यावर व्हाइसरॉय लिटनच्या सरकारनं पुढच्या दुष्काळांसाठी दरसाल दीड कोटी रुपये बाजूला काढायचं ठरवलं. त्यासाठी नवे कर बसवले. व्यापारी-कारागिरांवर परवाना कर आला. लोकांना सांगितलं, हा पैसा दुष्काळासाठीच. आणि लगेच दुसरं अफगाण युद्ध सुरू झालं, खर्च वाढला आणि दुष्काळनिधीचा पैसा तिकडं वळला. दुष्काळाच्या नावानं गोळा केलेला कर सरहद्दीपलीकडच्या स्वारीत गेला. बाकीचे सगळे आकडे विसरलात तरी चालेल, हा एक व्यवहार लक्षात ठेवा. सोलापुरातल्या एखाद्या कोष्ट्यानं, तेल्यानं भरलेला पैसा आष्टीच्या बांधावर यायला हवा होता, तो काबूलच्या वाटेवर उंटांच्या वैरणीत खर्च झाला.

तो काही अपवाद नव्हता. १८६७-६८ ची हबसाणावरची (आजच्या इथिओपियावरची) मोहीम, १८८२ ची इजिप्तमधली, पुढं सुदान. हिंदुस्थानी पलटणी बाहेर पाठवायच्या आणि त्यांचा नेहमीचा पगारपाणी हिंदुस्थानच्या तिजोरीतून द्यायचा, ही रीतच पडली होती. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी विलायतेत हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढं साक्ष दिली ती याच खर्चाच्या मुद्द्यावर. पुढं दरवर्षी अर्थसंकल्पावर बोलताना फौजेचा खर्च आणि शिक्षणाचा खर्च ते शेजारी ठेवून दाखवत राहिले. त्याआधी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला महात्मा फुल्यांनी सांगितलं होतं की सरकारचं उत्पन्न कष्टकरी रयतेच्या घामातून येतं आणि तिच्या पोरांच्या शिक्षणाला मात्र पैसा मिळत नाही. या दोघांचे मार्ग वेगळे, माणसं वेगळी, पण बोट एकाच जागी.

आता शिपाई. मुंबई इलाख्याच्या फौजेत कंपनीच्या काळापासून मराठे होते, महार होते, कोकणातले आणि देशावरचे. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ मध्ये सरसेनापती झाला आणि 'लढाऊ जमातीं'चा सिद्धांत सरकारी धोरण बनला. पंजाबी, पठाण, गुरखे खरे लढवय्ये. दक्षिणेकडचे लोक मऊ पडले, असं ठरलं. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंदच झाली. ज्यांच्या आजोबांनी कंपनीसाठी रक्त सांडलं, त्यांना एका फर्मानानं दार लावलं.

ते दार बंद होण्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप तिथंच आहे. गावगाड्यात ज्या माणसाला विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता, त्याला पलटणीत गणवेश मिळत होता, रोख पगार मिळत होता, पेन्शन मिळत होतं आणि मुलांना पलटणीची शाळा मिळत होती. रामजी सकपाळ सुभेदार मेजर झाले, आणि त्या घरातून बाबासाहेब आले. गोपाळबाबा वलंगकर निवृत्त लष्करी माणूस. त्यांनी भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०४ पासून तीच मागणी लावून धरली. पुढं पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, पुन्हा उभी केली. तेव्हा फौजेनं काहीच दिलं नाही असं म्हणणारा माणूस हा इतिहास जाणत नाही. फौजेनं दिलं. मी म्हणतो ते एवढंच की सरकारनं ते हक्क म्हणून दिलं नव्हतं. गरज पडली की दार उघडायचं, गरज संपली की लावायचं. आणि जे पलटणीत मिळालं, ते गावात मिळू नये याची तजवीज गावानंही केली होती आणि सरकारनं ती कधी मोडली नाही.

सोलापूरकरांना याच गोष्टीची दुसरी बाजू अगदी घराजवळ दिसते. शहरात आजही 'सेटलमेंट' म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यात लागू झाला आणि सोलापुरात पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड वसवलं गेलं. हजेरी लावायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही आणि गिरण्यांत कामाला जायचं. म्हणजे एकाच सरकारच्या दप्तरात एक यादी जन्मानं लढाऊ असणाऱ्यांची आणि दुसरी जन्मानं गुन्हेगार असणाऱ्यांची. पहिल्या यादीतल्यांना बराक, दुसऱ्या यादीतल्यांना कुंपण. फिरस्त्या माणसांकडून त्यांची वाट, त्यांचा धंदा, त्यांची चराऊ राने काढून घेतल्यावर त्यांचं काय करायचं, याचं उत्तर सरकारला गिरणीत सापडलं. जुनी गिरणी १८७७ मध्ये, ऐन दुष्काळाच्या मागंपुढं, सुरू झाली. उपाशी खेड्यातून स्वस्तात माणूस मिळतो हे गिरणीलाही कळत होतं आणि पलटणीलाही. शहर वाढलं ते त्या माणसांच्या कष्टावर, आणि आजूबाजूचे तालुके होते तिथंच राहिले.

पंजाबशी तुलना केली म्हणजे चित्र स्पष्ट होतं. फौजेचा मुख्य पुरवठा पंजाबातून सुरू झाल्यावर तिथल्या कालव्यांच्या वसाहतींत जमिनी देताना निवृत्त सैनिकांचा वाटा ठेवला गेला. झेलमच्या वसाहतीत तर फौजेसाठी घोडी पाळायच्या अटीवर जमीन दिली. १९०० मध्ये कायदा करून शेतकऱ्याची जमीन बिगरशेतकरी सावकाराकडे जाणं रोखलं. फौज जिथून येते तिथं असंतोष नको, हा त्यामागचा उघड विचार. आता कुणी म्हणेल, पंजाबच्या नद्या बारमाही, जमीन सपाट, ते कालवे सरकारला फायद्याचे होते, म्हणून झाले. हे बरोबर आहे आणि ते मी नाकारत नाही. पण दख्खनचे कालवे 'संरक्षक' म्हणून वेगळ्या खात्यात गेले, म्हणजे यातून उत्पन्न नाही, दुष्काळात खर्च वाचला तर तेवढा फायदा. रेल्वे कंपन्यांना पाच टक्के व्याजाची हमी देणाऱ्या सरकारला इथल्या पाण्यासाठी मात्र दरवेळी फायद्या-तोट्याचा विचार आठवायचा. भाटघरचं मोठं धरण १९२८ मध्ये झालं आणि नीरा उजव्या कालव्याचं पाणी माळशिरसकडे आलं. त्यावर १९३० च्या दशकात माळीनगर, श्रीपूरचे साखर कारखाने उभे राहिले. त्याच कालव्यापासून थोडं दक्षिणेला सांगोला, मंगळवेढ्याची कोरडी गावं. पाणी आलं तिथून पोरं भरतीला कमी गेली आणि कारखान्यावर जास्त, हे जुन्या माणसांना विचारून बघा.

भरतीनं विकास होतो म्हणणाऱ्यांसाठी दुसरं उदाहरण रत्नागिरी आणि साताऱ्याचं. मराठा पलटणींना माणूस मिळाला तो प्रामुख्यानं तिथल्या डोंगराळ, तुकड्याच्या शेतीतून. साताऱ्याच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या गावाच्या नावातच आता 'मिलिटरी' आहे. अशा गावांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण शंभर वर्षं मनीऑर्डरीवर चाललेल्या कोकणात शेती सुधारली नाही, धंदा उभा राहिला नाही. रत्नागिरीचा माणूस पलटणीनंतर मुंबईच्या गिरणीत गेला. फौजेच्या पैशानं घराची कौलं झाली, पोरीचं लग्न झालं, गहाण जमीन सुटली. हे थोडं नाही. मात्र त्यातून विहीर, बाजार, कारखाना उभा राहत नाही, कारण कर्ता माणूसच गावाबाहेर असतो आणि परत येतो तो पस्तिशी-चाळिशीत.

पहिल्या महायुद्धाचं थोडक्यात सांगतो. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारनं ब्रिटनला युद्धासाठी १० कोटी पौंड 'भेट' दिले, त्या वेळच्या दरानं दीडशे कोटी रुपये. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकल्या, एप्रिल १९१६ मध्ये शरण गेल्या आणि कितीतरी जण कैदेतल्या पायपिटीत संपले. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत टिळकांनी भरतीबरोबर स्वराज्याचा विषय काढला तर गव्हर्नर विलिंग्डननं त्यांना बोलू दिलं नाही. त्याच साली पाऊस गेला आणि इन्फ्लुएंझा आला. युद्धानंतर महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत संगमरवरी पाट्या बसल्या. त्यावर एवढंच असतं: या गावातून इतके गेले, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत, फक्त दोन आकडे. गावाकडून काय घेतलं याची नोंद सरकारनं दगडात कोरून ठेवली. गावाला काय दिलं याची पाटी मला आजवर कुठंच दिसलेली नाही.

आणि ज्या फौजेसाठी सोलापूरनं सारा भरला, तीच फौज १२ मे १९३० ला लष्करी कायदा घेऊन सोलापुरात उतरली. गांधीटोपी घातली म्हणून माणसं पकडली. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. चार हुतात्म्यांना हार घालताना हेही लक्षात असावं की त्या वेळी रस्त्यावर उभ्या असलेल्या संगिनींचा खर्च कुणाच्या खळ्यातून निघाला होता.

स्वातंत्र्यानंतर फौज आपली झाली. हा फरक जमीन-अस्मानाचा आहे आणि त्यावर वाद घालण्याचं कारण नाही. पण खेड्याकडे बघण्याची नजर तेवढी बदलली का? उजनी १९८० मध्ये पूर्ण झालं, ११७ टीएमसीचं धरण. आज ते पाणी मोठ्या प्रमाणात उसाला जातं, जिल्ह्यात साखर कारखान्यांची रांग आहे, आणि मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या गावांना पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मोर्चे काढावे लागले. त्या गावांतली पोरं पहाटे उठून डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर मारतात. एक जण मोबाइलवर वेळ धरतो, बाकीचे ओळीत. छाती ७७ सेंटीमीटर आणि फुगवून आणखी ५, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ असतं. तालुक्याच्या गावी अकॅडमी आहे, तिची फी आहे, मेसचा खर्च आहे; त्यासाठी घरची म्हैस विकली गेलेली असते किंवा बचतगटाचं कर्ज असतं. फौज नाही तर पोलीस, पोलीस नाही तर एसआरपी, तेही नाही तर पुण्याच्या कंपनीत सिक्युरिटी. शेती हा पर्याय त्या बोलण्यात येतच नाही.

१४ जून २०२२ ला अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यातले चौथाई कायम, बाकीच्यांना सेवानिधीचे ११ लाख ७१ हजारांच्या आसपास आणि पेन्शन नाही. लष्कराच्या गरजेच्या दृष्टीनं ती योग्य की अयोग्य, हे लष्कर जाणणाऱ्यांनी बोलावं. मी गावाच्या बाजूनं बोलतो. ज्या एका आधारावर कोरडवाहू घर उभं होतं तो आधार पेन्शनचा होता. पावसाची खात्री नाही पण पहिल्या तारखेची होती. तो काढल्यावर बावीस-पंचविसाव्या वर्षी घरी येणाऱ्या पोरासाठी तालुक्यात काय ठेवलंय? चादरीचा, टॉवेलचा धंदा यंत्रमागावर दम धरून आहे. एमआयडीसीतले कितीतरी प्लॉट कुलूपबंद आहेत. विडी वळणाऱ्या बायांच्या पुढच्या पिढीला तो धंदा नको आहे आणि दुसरा दिसत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती आपल्याच आमदार-खासदारांकडे आहे. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत कुणी जवानांचा आकडा सांगितला, तर त्याच बैठकीत त्याच गावाचा दुसरा आकडा मागा: किती एकराला हमखास पाणी मिळतं, बारावी झालेल्या किती पोरांना तीस किलोमीटरच्या आत पगाराचं काम आहे, किती घरं सहा महिने बाहेर असतात. उजनीचं आठमाही (वर्षातले आठ महिने मिळणारं) पाणी कुठल्या तालुक्याला किती मिळालं, हे दरवर्षी गाववार छापून ग्रामसभेत लावा. परत येणाऱ्या अग्निवीरांसाठी चादर-टॉवेलच्या धंद्यात, डाळिंबाच्या प्रक्रियेत, मालदांडी ज्वारीच्या विक्रीत भांडवल आणि जागा राखून ठेवा, आणि ते पहिली तुकडी घरी येण्याआधी ठेवा. ज्या पोराला पाणी असलेलं शेत आणि गावाजवळ काम मिळत असूनही फौजेत जावंसं वाटतं, त्याला वेशीपर्यंत पोचवायला आपण सगळे जाऊ. आज रांगेत उभ्या असलेल्या पोरांपैकी तशी किती आहेत, हे पुढच्या भरतीच्या वेळी त्यांनाच विचारा.